उचलण्याआधी फोटो : केंटकीच्या टॉर्नेडोनंतरचे चौदा महिने

१० डिसेंबर २०२१च्या रात्री पश्चिम केंटकीवरून गेलेल्या टॉर्नेडोची हवामान खात्यातली नोंद अशी आहे : टेनेसीच्या ओबायन काउंटीत सुरू झाला, केंटकीत विरला, मार्ग १६५.६ मैलांचा म्हणजे साधारण २६६ किलोमीटर, दर्जा ईएफ-४ (टॉर्नेडोची तीव्रता सांगणाऱ्या ० ते ५ ह्या मोजपट्टीवर वरून दुसरा), वाऱ्याचा कमाल वेग ताशी अंदाजे १९० मैल, मृत्यू ५७. बातम्यांत मेफिल्ड आलं, मेणबत्त्यांचा कारखाना आला, कोर्टाची पडलेली इमारत आली. पण त्या पट्ट्यातली बहुतेक जमीन मका, सोयाबीन, तंबाखू आणि गुरांची आहे. केयस, ब्रेमेन, डॉसन स्प्रिंग्ज ही गावं आणि त्यांच्या मधली सुटी सुटी घरं. ह्या सुट्या घरांना नगरपालिका नाही, गटार नाही, गॅसची पाइपलाइन नाही. विहीर स्वतःची, सेप्टिक टाकी स्वतःची, प्रोपेनची टाकी अंगणात. त्यामुळे नुकसान वेगळं असतं आणि ते भरून काढायचे कागदही वेगळे.

आमचं घर ग्रेव्ह्ज काउंटीत मेफिल्डच्या बाहेर दोन एकरांवर होतं. टॉर्नेडोच्या पट्ट्याच्या कडेला सापडलो. गॅरेज गेलं, अर्धं छप्पर गेलं, माणसं वाचली. घरात परत राहायला आलो फेब्रुवारी २०२३मध्ये. मधल्या चौदा महिन्यांत काय, कोणत्या क्रमाने करावं लागलं ते इथे लिहिते आहे. हॉस्पिटलच्या, विद्यापीठाच्या किंवा कारखान्याच्या नोकरीमुळे असल्या लहान गावांत बरीच मराठी कुटुंबं राहतात. त्यातल्या अनेकांकडे आमच्यासारखाच एच-१बी व्हिसा असतो आणि मूल इथे जन्मलेलं असतं. ह्या स्थितीत सरकारी मदत मिळते की नाही, हे त्या आठवड्यात आम्हाला धड कोणी सांगू शकलं नाही. मिळते. ते पुढे येईलच.

पहिले तीन दिवस

सर्वात आधी गॅस. पाचशे गॅलनची प्रोपेनची टाकी विटांवरून सरकली होती आणि घरात येणारी तांब्याची नळी तुटली होती. टाकीच्या झाकणाखाली एक गोल व्हॉल्व्ह असतो, तो घड्याळाच्या दिशेने पूर्ण फिरवून बंद करायचा आणि लांब व्हायचं. वास येत असेल तर टाकीजवळही जायचं नाही, घरातलं एकही बटण दाबायचं नाही, थेट फायर ब्रिगेडला फोन. ती टाकी परत सुरू करताना गॅस कंपनीचा माणूस दाब लावून गळती तपासतो आणि तो कागद देतो. तो जपून ठेवा, पुढे इन्स्पेक्टर मागतो.

तारा पडलेल्या असतील तर वीज गेलेली असली तरी त्या जिवंतच समजायच्या. शेजारच्याने जनरेटर चुकीचा जोडला असेल तर मेलेल्या तारेतही प्रवाह उलटा येतो. जनरेटर घरापासून किमान वीस फूट दूर, धूर खिडकीकडे येणार नाही अशा तोंडाने. थंडीत लोक तो ओट्यावर किंवा गॅरेजमध्ये आणतात आणि कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच दगावतात.

त्या शुक्रवारी डिसेंबरच्या मानाने विचित्र उकाडा होता, शनिवारपासून कडाका. विहिरीचा पंप बंद, घरात हीटर नाही, म्हणजे नळ्यांतलं पाणी गोठून त्या फुटणार. वादळात शाबूत राहिलेलं प्लंबिंग दोन दिवसांनी थंडीने फोडलं, अशी चार घरं आमच्याच रस्त्यावर होती. म्हणून प्रेशर टँकजवळचा व्हॉल्व्ह बंद करून सर्वात खालचा नळ उघडा ठेवून पाणी काढून टाकायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

जाड तळव्याचे बूट हवेतच. कोसळलेल्या लाकडातला प्रत्येक खिळा टोक वर करून पडलेला असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालेलं नसेल तर पहिल्याच दिवशी घ्या.

मग फोटो. हात आपोआप उचलायला जातो. उघड्या पावसात पडलेलं अंथरूण, मुलीची पुस्तकं, डाळींचे डबे. पण काहीही हलवण्याआधी फोटो काढायचे, ह्या एका गोष्टीवर पुढचे सगळे पैसे ठरतात. क्रम असा ठेवला : रस्त्यावरून पूर्ण घर, मग घराचे चारही कोपरे बाहेरून, मग प्रत्येक खोलीचे चार कोपरे आणि छत, मग कपाटं उघडून आतलं. शेवटी यंत्रांवरची लेबलं. वॉटर हीटर, फर्नेस, बाहेरचं एसीचं युनिट, फ्रीज, वॉशर ह्या सगळ्यांवर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. तो नसेल तर विमा कंपनी साधारण दर्जाचं यंत्र धरून किंमत लावते. आमच्याकडे ६४० फोटो निघाले. फोनची बॅटरी पुरत नाही, गाडीत चार्ज करावी लागते.

ताडपत्री टाकणं हे तुमचंच काम आहे, विम्याच्या करारात तसं लिहिलेलं असतं. पुढचं नुकसान टाळायला वाजवी उपाय केला नाही तर नंतर आत शिरलेल्या पाण्याचे पैसे नाकारता येतात. ताडपत्री छपराच्या कण्यावरून पलीकडे किमान चार फूट न्यायची, म्हणजे पाणी वरच्या कडेतून आत येत नाही. कडा लाकडी पट्टीवर दोनदा गुंडाळून पट्टी स्क्रूने बसवायची. नुसते खिळे मारले तर पहिल्याच वाऱ्यात ताडपत्री खिळ्यांपाशी फाटते. ताडपत्र्या, पट्ट्या आणि स्क्रू मिळून आमचे ३१० डॉलर लागले, पावत्या दिल्यावर विम्यातून परत आले.

विमा कंपनीला फोन रविवारी, १२ डिसेंबरला केला. त्या फोनवर तीन गोष्टी मागून घ्या : क्लेम नंबर, पॉलिसीची संपूर्ण प्रमाणित प्रत, आणि राहण्याच्या खर्चाची आगाऊ रक्कम. आपल्याकडे असतो तो पॉलिसीचा दोन पानी सारांश. मर्यादा, अपवाद, मुदती सगळं त्या साठ-सत्तर पानांत आहे. वादळासाठीचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण सोसायचा भाग, अनेकदा ठरावीक रकमेऐवजी घराच्या विम्याच्या टक्क्यांत असतं. आमचं एक टक्का होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

फेमा, आणि मुलीच्या नावाचा अर्ज

त्याच १२ डिसेंबरला केंद्र सरकारची मोठ्या आपत्तीची घोषणा झाली. क्रमांक डीआर-४६३०. सुरुवातीला आठ काउंट्या : कॉल्डवेल, फुल्टन, ग्रेव्ह्ज, हॉपकिन्स, मार्शल, म्युलेनबर्ग, टेलर आणि वॉरन. घोषणा झाल्याशिवाय वैयक्तिक मदतीचा अर्ज उघडत नाही आणि आपली काउंटी यादीत नसेल तर थांबावं लागतं, यादी वाढत जाते. अर्जाची मुदत आधी ११ फेब्रुवारी २०२२ होती, नंतर १४ मार्चपर्यंत वाढली. वाढेल ह्या भरवशावर कोणी बसू नये.

आता व्हिसाचं. फेमा म्हणजे केंद्र सरकारची आपत्ती-निवारण संस्था. तिची घरासाठीची रोख मदत अमेरिकन नागरिकाला, ग्रीनकार्डधारकाला आणि निर्वासितांसारख्या काही ठरावीक गटांना मिळते. एच-१बी, त्यावरच्या कुटुंबाचा एच-४, विद्यार्थ्यांचा एफ-१ हे व्हिसा त्यात बसत नाहीत. पण घरात राहणारं अठरा वर्षांखालचं मूल नागरिक असेल तर आई किंवा वडील त्या मुलाच्या वतीने अर्ज करू शकतात. त्यासाठी मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो आणि पालकाला एका घोषणापत्रावर सही करावी लागते. पालकाच्या व्हिसाची माहिती विचारली जात नाही. आपत्तीतली मदत पुढे ग्रीनकार्डच्या वेळी ‘पब्लिक चार्ज’ म्हणून, म्हणजे सरकारी आधारावर जगण्याची खूण म्हणून, मोजली जात नाही. हे मी तीनदा तपासून घेतलं, कारण आमच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी नेमक्या ह्याच भीतीने अर्ज केला नव्हता. त्यातल्या एकांनी मार्चच्या पहिल्या आठवड्यात केला. पैसे मिळाले.

अर्ज वेबसाइटवर, १-८००-६२१-३३६२ ह्या फोनवर किंवा मदत केंद्रात करता येतो. मुलाच्या नावाचा अर्ज केंद्रात समोर बसूनच करा, वेबसाइटवर तो गोंधळाचा होतो. नऊ अंकी नोंदणी क्रमांक मिळतो. पुढे पाठवाल त्या प्रत्येक कागदाच्या प्रत्येक पानावर नाव, हा क्रमांक आणि ४६३० लिहायचं. पान सुटं झालं की त्याचा अर्जाशी संबंध तुटतो.

नंतरचे काही दिवस अनोळखी नंबरचे फोन उचला. पाहणी करणारा इन्स्पेक्टर स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतो, दोन-तीनदा लागला नाही तर पुढे जातो. त्याच्याकडे फोटोचं ओळखपत्र असतं आणि आपला नोंदणी क्रमांक त्याला आधीच माहीत असतो. बँक खाते नंबर विचारणारा किंवा पैसे मागणारा माणूस फेमाचा नसतो.

सव्वीस दिवसांनी पत्र आलं : अपात्र, कारण विमा आहे. हे पत्र वाचून शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी ते चुलीत टाकलं होतं. तसं करू नका. विमा असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिलं पत्र असंच येतं, कारण एकाच नुकसानीचे पैसे दोनदा द्यायला कायद्याने बंदी आहे. त्या पत्राचा अर्थ इतकाच की विमा कंपनीने काय दिलं आणि काय नाकारलं ते आधी दाखवा. विमा ज्याला हात लावत नाही ते फेमा बघते, आणि खेड्यातल्या घरांसाठी ही यादी महत्त्वाची आहे : स्वतःची विहीर, सेप्टिक, घरापर्यंतचा खासगी रस्ता आणि त्यावरची मोरी.

आमच्याकडे जुना ओक मुळासकट उपटला गेला आणि त्याच्या मुळांच्या गड्ड्याबरोबर सेप्टिकच्या निचऱ्याच्या नळ्या वर आल्या. विम्याने नकार दिला. तो लेखी नकार, परवानाधारक सेप्टिकवाल्याचं ६,८०० डॉलरचं अंदाजपत्रक आणि चार फोटो जोडून आम्ही अपील केलं. पत्रावरच्या तारखेपासून साठ दिवसांची मुदत असते, पत्र हातात पडल्यापासून नव्हे. सात आठवड्यांनी ४,९०० डॉलर आले. त्या आर्थिक वर्षात घरासाठीची कमाल मर्यादा ३७,९०० डॉलर होती आणि इतर गरजांसाठी तेवढीच वेगळी. प्रत्यक्षात तिच्या जवळ पोचणारे थोडे. फेमाने पूर्ण घर बांधून मिळत नाही, ही समजूत आधीच केलेली बरी.

शेजाऱ्यांना एसबीएच्या, म्हणजे आपत्तीत घरांनाही कर्ज देणाऱ्या लघुउद्योगांच्या सरकारी संस्थेच्या, कर्जाचा अर्ज पाठवला गेला आणि ‘आम्हाला कर्ज नको’ म्हणून काहींनी तो भरला नाही. तेव्हा तो भरावाच लागायचा (ही अट २०२४मध्ये निघाली). एसबीएने कर्ज नाकारलं तर सामानाच्या मदतीसाठी प्रकरण परत फेमाकडे जायचं. अर्जच भरला नाही तर ते दार बंद व्हायचं. मंजूर झालेलं कर्ज घेतलंच पाहिजे असं नसतं.

व्हिसाचे कागद भिजले असतील तर : आय-९४ (देशात आल्याची नोंद) वेबसाइटवरून पुन्हा छापता येतं. आय-७९७ची (व्हिसाचा अर्ज मंजूर झाल्याच्या पत्राची) प्रत कंपनीच्या वकिलाकडे असते. मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत राज्याच्या नोंदणी कार्यालयातून दहा डॉलरला मिळते. पासपोर्ट गेला असेल तर पोलिसांची नोंद लगेच करून घ्या, कॉन्सुलेट ती मागतं. आणि एक गोष्ट त्या धांदलीत सगळे विसरतात : राहण्याचा पत्ता बदलला की दहा दिवसांत एआर-११ हा पत्ता-बदलाचा फॉर्म भरावा लागतो. मोटेलमधून भाड्याच्या घरात गेलात की पुन्हा. जे एच-१बीवर घरातून काम करतात त्यांचं घर हेच कामाचं ठिकाण असतं. त्यांनी दूरच्या शहरात हलण्याआधी वकिलाला विचारावं, नवा अर्ज लागू शकतो.

पंचनामा

ॲडजस्टर म्हणजे पंचनामा करणारा माणूस, पण तो विमा कंपनीचा. ४ जानेवारीला आला, पन्नास मिनिटं थांबला. मोठ्या आपत्तीत दुसऱ्या राज्यांतून ॲडजस्टर आणतात, दिवसाला अनेक घरं असतात. त्याचा अंदाज आला : छप्पर, गॅरेज, तीन खोल्यांचं ड्रायवॉल (भिंतींचे जिप्समचे तक्ते), इन्सुलेशन. म्हणजे दुरुस्ती.

घर मात्र हललं होतं. दारं लागत नव्हती, उत्तरेच्या भिंतीच्या कोपऱ्यात तिरकी भेग होती. आमचं जुनं घर काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या पायावर होतं आणि भिंतीखालची आडवी फळी पायाला बोल्टने बांधलेली नव्हती. वारा गॅरेजच्या दारातून आत घुसतो, छप्पर आतून वर ढकलतो, आणि बांधलेलं नसेल तर अख्खं घर पायावरून सरकतं. किती सरकलं ते नुसत्या डोळ्याला दिसत नाही. ओळंबा लावून बघा. आठ फूट भिंतीत पाऊण इंचाहून जास्त फरक दिसला तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. आमच्याकडे पावणेदोन इंच निघाला. परवानाधारक इंजिनिअरचा सहीशिक्क्याचा अहवाल ७५० डॉलरला पडला, त्यासाठी पाच आठवडे थांबलो. पण त्या अहवालाने प्रकरण दुरुस्तीवरून पायापासून नव्या बांधकामावर गेलं. ॲडजस्टरशी फोनवर वाद घालण्यात आमचा जानेवारी गेला होता. त्याच्या हातात वरिष्ठांना दाखवायला कागद नसतो, तो आपण द्यायचा असतो.

पैसे दोन टप्प्यांत येतात. आधी घसारा वजा करून वस्तूची आजची किंमत, आणि काम झाल्याचं बिल दाखवल्यावर रोखून धरलेला घसारा. हा दुसरा हप्ता मागायलाही मुदत असते. आमच्या पॉलिसीत ती दोन वर्षं होती, काहींच्या त्याहून बरीच कमी. ‘ऑर्डिनन्स ऑर लॉ’ हे कलम आहे का ते बघा. जुनं घर नव्या नियमांप्रमाणे बांधायला जो जादा खर्च येतो तो ह्यातूनच मिळतो, नाहीतर खिशातून जातो.

सामानाची यादी हे सर्वात जिवावर येणारं काम. गेलेली प्रत्येक गोष्ट आठवून लिहायची, कधी घेतली, कितीला घेतली. एका वेळी एकच खोली, रोज एक तास, इतकंच करा. जुने वाढदिवसांचे, गणपतीचे फोटो काढून बसा, मागच्या भिंतीवर, शेल्फवर काय होतं ते त्यात दिसतं. ऑनलाइन खरेदीच्या जुन्या ऑर्डरी, बँकेची स्टेटमेंटं कामी येतात. पितळेची भांडी, समया, देव्हारा, पुरणयंत्र, पैठणी ह्यांची किंमत ॲडजस्टरच्या यादीत नसते. तो ‘शोभेची वस्तू’ म्हणून पाच-दहा डॉलर लावतो. भारतीय दुकानांच्या वेबसाइटवरच्या आजच्या किमतीची पानं जोडली की मान्य होतं. मसाल्याचा डबा, पोळपाट, तवा लिहिताना मला फार रडू आलं. त्या दिवशी ते काम तिथेच थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याने ती खोली पुरी केली. हे दोघांत वाटून घ्यावं.

राहायला सुरुवातीला बरीच कुटुंबं केंटकी डॅम व्हिलेजसारख्या स्टेट पार्कांच्या लॉजमध्ये होती. भाड्याची घरं आठवड्याभरात संपली. आम्हाला पड्युकामध्ये २३ डिसेंबरला मिळालं. विमा फक्त जादा खर्च देतो : भाडं पूर्ण, पण जेवणाचा फक्त नेहमीपेक्षा वाढलेला भाग. म्हणून वादळाआधीच्या तीन महिन्यांचा किराणा किती होता तेही दाखवावं लागतं.

ढिगारा, कुरणं, गुरं

रस्त्याकडेला ठेवलेला ढिगारा सरकारी ट्रक उचलतात, पण वेगवेगळा हवा : झाडं-फांद्या, बांधकामाचा कचरा, फ्रीज-वॉशरसारखी यंत्रं, इलेक्ट्रॉनिक वस्तू, आणि रंग-बॅटरी-कीटकनाशकं. एकत्र केलेला ढीग तसाच मागे ठेवून ट्रक पुढे जातो. पाण्याचा मीटर, टपालपेटी, विजेचा खांब ह्यांना चिकटून ढीग नको, यंत्राचा पंजा तिथे चालत नाही. ट्रक घराच्या अंगणात येणार असेल तर सेप्टिकच्या निचऱ्याच्या जागेभोवती आधीच खुंट्या ठोकून दोरी बांधा. भरलेला ट्रक एकदा वरून गेला की खालच्या नळ्या चेपतात आणि ते नुकसान टॉर्नेडोचं धरलं जात नाही.

शेतात पडलेल्याचं काय, ही गोष्ट शहरातल्यांना कळत नाही. घरांच्या भिंतींतलं गुलाबी फायबरग्लास मैलोन् मैल कुरणांवर पसरलं होतं, गवताच्या प्रत्येक काडीला गुंतलेलं. ते यंत्राने गोळा होत नाही. ते गवत कापून गाठी बांधल्या तर गुरांच्या पोटात जातं. खिळे आणि पत्र्याचे तुकडे त्याहून वाईट. गाय चावत नाही, गिळते. लोखंड दुसऱ्या पोटात अडकतं आणि पुढे हृदयाकडे टोचतं. आमच्या शेजाऱ्यांनी सर्व गायींना बोटाएवढी लोहचुंबकं गिळायला घातली. ती आयुष्यभर पोटात राहतात आणि लोखंड धरून ठेवतात. कुरणावर मात्र माणसांनीच रांगेत चालावं लागलं. जानेवारीतले पाच शनिवार आम्ही वीस-पंचवीस जण हात-दोन हात अंतर ठेवून बादल्या घेऊन चाललो. आधी माणसं, मग ट्रॅक्टरला बांधलेला चुंबकाचा दांडा.

शेतीच्या मदतीसाठी फेमा नसून कृषी खात्याची एफएसए कचेरी, ती जवळजवळ प्रत्येक काउंटीत असते. मेलेल्या गुरांसाठी आणि कोंबड्यांसाठी एलआयपी ही योजना, बाजारभावाच्या ७५ टक्के. त्या वेळी नुकसान कळल्यापासून तीस दिवसांत सूचना द्यावी लागत होती. मेलेली जनावरं पुरण्याआधी कानातल्या बिल्ल्यासह फोटो आणि जनावरांच्या डॉक्टरचं पत्र घ्यायचं. कुंपण आणि शेतातला ढिगारा ह्यासाठी ईसीपी ही योजना, खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत. ह्यातली अट फार जणांना नडली : कामाला हात लावण्याआधी अर्ज करायचा. एका शेजाऱ्याने गुरं हायवेवर जाऊ नयेत म्हणून घाईने अर्धा मैल कुंपण नवं घातलं, अर्ज नंतर केला आणि त्या अर्ध्या मैलाचे पैसे अडकले. निकडीचं असेल तर निदान फोन करून कोणाशी बोललो, कधी बोललो ते लिहून ठेवावं आणि तात्पुरतं विजेच्या तारेचं कुंपण घालावं.

चेकवर दोन नावं

एप्रिलमध्ये घराच्या रकमेचा मोठा चेक आला, त्यावर आमच्या नावाबरोबर गृहकर्जाच्या बँकेचंही नाव. असा चेक आपल्या खात्यात भरता येत नाही. बँकेत ‘लॉस ड्राफ्ट’ नावाचा वेगळा विभाग असतो. तिथे चेक पाठवायचा, ते पैसे धरून ठेवतात आणि तीन हप्त्यांत सोडतात : सुरुवातीला एक तृतीयांश, निम्मं काम झाल्याची पाहणी झाल्यावर दुसरा, पूर्ण झाल्यावर शेवटचा. लागतं ते एवढं : विमा कंपनीचा सविस्तर अंदाज, बिल्डरचा सही केलेला करार, त्याचा कर-क्रमांकाचा डब्ल्यू-९ फॉर्म, आणि नंतर प्रत्येक हप्त्याला मजुरी-मालाची देणी फिटल्याचं ‘लीन वेव्हर’. हे शेवटचं चुकवू नका. बिल्डरने लाकडाच्या वखारीचे पैसे दिले नाहीत तर वखारवाला आपल्या घरावर दावा लावू शकतो, आपण बिल्डरला पूर्ण पैसे दिलेले असले तरीही.

पाठवलेले कागद दोनदा ‘मिळाले नाहीत’ असं उत्तर आलं. तिसऱ्यांदा फॅक्स करून पोच ठेवली आणि दर सोमवारी सकाळी फोन लावला. वहीत तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव, काय ठरलं. ती वही नसती तर मी हे लिहूही शकले नसते.

केंटकीत सर्वसाधारण बिल्डरला राज्याचा परवाना लागत नाही. इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि एसी-हीटिंगवाल्याला लागतो. त्यामुळे बिल्डर निवडताना त्याच्या विम्याचं प्रमाणपत्र थेट विमा एजंटकडून मागवा आणि दोन वर्षांपूर्वी त्याने बांधलेलं घर जाऊन बघा. विम्याच्या पैशांचा हक्क त्याच्या नावे करून देणाऱ्या कागदावर सही करू नका.

बांधताना

पाया ऑगस्टमध्ये घातला. नियमाप्रमाणे अर्धा इंच जाडीचे अँकर बोल्ट, काँक्रीटमध्ये सात इंच खोल, जास्तीत जास्त सहा फुटांवर एक आणि फळीच्या प्रत्येक टोकापासून फुटाच्या आत एक. आम्ही चार फुटांवर घालून घेतले. छपराच्या प्रत्येक कैचीला भिंतीशी धरून ठेवणारी पत्र्याची क्लिप, नग साधारण एक-दीड डॉलर. अख्ख्या घराला दोनशे डॉलरच्या आत काम होतं. ईएफ-४च्या मधोमध ह्याने काही वाचत नाही. पण टॉर्नेडोच्या रुंदीतला बराच भाग त्याहून खूप कमी वेगाचा असतो, आमच्यासारखी कडेची घरं तिथे असतात. क्लिप आणि बोल्टांचे फोटो भिंत झाकण्याआधी काढून ठेवा. गॅरेजचं दार वाऱ्याच्या दाबासाठी मानांकित घ्या, छप्पर जायला तिथूनच सुरुवात होते.

सेफ रूम गॅरेजमध्ये घेतली, जाड पोलादी पेटी, काँक्रीटला बोल्ट केलेली. घेताना एकच विचारायचं : आयसीसी ५०० आणि फेमा पी-३६१ ह्या मानकांप्रमाणे चाचणी झाली आहे का. ताशी २५० मैलांच्या वाऱ्यात उडून येणारं लाकूड अडवणं हा त्यातला निकष आहे. दार आत उघडणारं घ्या, बाहेर ढिगारा पडला तरी उघडतं. मोबाइलवर पूर्ण विसंबू नये, टॉवर आधी पडतो. बॅटरीवरचा वेदर रेडिओ (हवामानाचे इशारे आले की वाजणारा) घ्या आणि त्यात आपल्या काउंटीचा सहा अंकी कोड भरा. ग्रेव्ह्जचा ०२१०८३. नाहीतर तो शेजारच्या दहा काउंट्यांसाठीही रात्रभर वाजतो आणि चौथ्या रात्री लोक बंद करून टाकतात.

विजेसाठी दोन आठवडे वाया गेले ते एका समजुतीने. वीज संस्थेची जबाबदारी तारेपर्यंत. घरावरचा उभा पाइप, त्याची टोपी आणि मीटरची पेटी आपली. ती परवानाधारक इलेक्ट्रिशियनने बसवायची, इन्स्पेक्टरने तपासून मंजुरीचं स्टिकर लावायचं, मगच संस्था मीटर जोडते. आम्ही संस्थेची वाट बघत होतो, संस्था स्टिकरची.

कराचं थोडक्यात. केंद्राने जाहीर केलेल्या आपत्तीत विम्याने न भरलेलं नुकसान ४६८४ फॉर्मवर दाखवता येतं, आणि हवं तर आधीच्या वर्षाच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करून. केंटकीतल्या बाधितांना त्या वर्षी रिटर्नची मुदत १६ मे २०२२पर्यंत मिळाली होती. तेव्हा उत्पन्नाच्या दहा टक्क्यांवरचंच नुकसान धरत होते, त्यामुळे आमच्या हाती फारसं लागलं नाही. विमा नसलेल्या शेजाऱ्यांना मात्र लागलं.

फेब्रुवारी २०२३मध्ये राहायला आलो, रोखलेल्या घसाऱ्याचा चेक एप्रिलमध्ये आला. घरामागच्या कुरणावर दर मार्चमध्ये, गवत वाढायच्या आत, शेजारी अजूनही चुंबकाचा दांडा फिरवतात आणि आम्ही मागून बादली घेऊन चालतो. यंदा पाव बादली खिळे निघाले.